निकालावरून माणसाची पारख

आमच्या घरीं गेल्या वर्षीं घडलेली एक गोष्ट सांगून या महिन्याच्या विषयास आरंभ करतों. गोष्ट लहान आहे आणि तींत दोष माझा आहे. म्हणूनच ती चारचौघांत सांगण्यास संकोच वाटत नाहीं.

माझा मुलगा आणि थोरल्या बंधूंचा मुलगा हे दोघे जवळजवळ एकाच वयाचे. दोघेहि सनदी लेखापालाच्या परीक्षेस बसले होते. एकाच खोलींत, एकाच दिव्याखालीं दोघांनीं वर्षभर अभ्यास केला. रविवारीं सकाळीं दोघेहि क्रिकेट खेळण्यास जात. रात्रीं दोघेहि उशिरां निजत आणि सकाळीं दोघांनाहि दोन-दोनदां हांक मारावी लागे. निकाल लागला तेव्हां माझा मुलगा उत्तीर्ण झाला, पुतण्या थोडक्या गुणांनीं राहिला. त्या संध्याकाळीं पेढे वाटतां वाटतां मीं आलेल्या मंडळींस मोठ्या प्रौढीनें सांगितलें, “रविवारच्या खेळानें त्याचें डोकें ताजें राहिलें. नुसतें पुस्तकांत तोंड खुपसून कांहीं होत नसतें.” आणि दुसऱ्या दिवशीं त्याच तोंडानें पुतण्याला म्हणालों, “तरी मी सांगत होतों, तो खेळाचा नाद सोड म्हणून!”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. परंतु पुढें दोन दिवस घरांत जी शांतता होती ती सुखाची नव्हती. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस तिचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं.

मागाहून मी आठवूं लागलों, तर खेळ सोडण्याविषयीं मीं त्याला पूर्वीं एकदांहि सांगितल्याचें स्मरेना. उलट, त्याची बॅट मींच आणून दिली होती.

पुढें पंधरा-वीस दिवसांनीं आम्ही सर्व मंडळी वढू बुद्रुकास जाऊन आलों. पुण्याहून नगरच्या रस्त्यानें निघून कोरेगांव भीमा येथें आंत वळलें म्हणजे शिरूर तालुक्यांतील हें गांव लागतें. भीमा जवळच वाहते. नदीच्या वरच्या अंगास, इंद्रायणी तिला मिळते तेथें तुळापूर आहे. याच टापूंत औरंगजेबाची छावणी असतांना, ११ मार्च १६८९ रोजीं, फाल्गुन वद्य अमावास्येस, छत्रपति संभाजीमहाराजांचा वध झाला. दुसरा दिवस वर्षप्रतिपदेचा होता. महाराजांची समाधि वढूस आहे. आम्ही दर्शन घेऊन बाजूस बसलों असतां पुतण्यानें मला विचारलें, “काका, महाराज नऊ वर्षें राज्य करीत होते आणि अगदीं शेवटीं पकडले गेले. मग आधींच्या आठ वर्षांत लोक त्यांना काय म्हणत असतील?”

प्रश्न इतिहासाचा होता; पण तो इतिहासापुरता नव्हता, हें त्यालाहि ठाऊक होतें आणि मलाहि. त्या प्रश्नाचा विचार करतां करतांच आजचा लेख तयार झाला आहे.

आमच्या पिढीनें लहानपणीं संभाजीमहाराजांविषयीं जें ऐकलें तें थोडक्यांत असें: वडील थोर, मुलगा मात्र उतावळा, विलासी, मर्जींतल्या माणसाच्या आहारीं गेलेला, म्हणून शेवट तसा झाला. या वाक्यांतील ‘म्हणून’ हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. शेवट आधींच ठाऊक होता, आणि त्या शेवटाला शोभेल असा स्वभाव मागाहून शोधून काढण्यांत आला. राम गणेश गडकरी १९१९ त वारले तेव्हां अपुरें राहिलेलें त्यांचें ‘राजसंन्यास’ हें नाटक याच चित्राला अनुसरून आहे. अशा वाङ्मयानें आपल्यासारख्या वाचत्या घरांत तें चित्र अधिकच पक्कें केलें.

आतां तो शेवट क्षणभर झांकून ठेवूं आणि नुसता क्रम पाहूं. महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर झाला. दोन वर्षांचे असतां मातोश्री सईबाई गेल्या. नवव्या वर्षीं वडिलांबरोबर आग्र्यास जावें लागलें. ३ एप्रिल १६८० रोजीं शिवाजीमहाराज रायगडावर निवर्तले, तेव्हां धाकट्या राजारामांस गादीवर बसविण्याचा घाट कांहीं मंत्र्यांनीं घातला. तो मोडून जानेवारी १६८१ त राज्याभिषेक झाला, तेव्हां महाराज तेवीस वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब स्वतः प्रचंड सैन्यानिशीं दक्षिणेंत उतरला. नाशिकजवळील रामसेजसारखा एक लहानसा किल्ला त्याच्या सरदारांस वर्षानुवर्षें दाद देईना. १६८३ त गोव्याच्या पोर्तुगीजांशीं युद्ध झालें. जंजिऱ्याच्या सिद्दीवरची मोहीम मात्र फळास आली नाहीं. १६८६ त विजापूर पडलें, १६८७ त गोवळकोंडें पडलें; दक्षिणेंतील दोन जुन्या, संपन्न पातशाह्या नाहींशा झाल्या. त्याच १६८७ सालीं वाईजवळच्या लढाईंत सरसेनापति हंबीरराव मोहिते कामास आले. तरीहि १६८८ संपलें तेव्हां मराठ्यांचें राज्य उभें होतें.

त्या वर्षाच्या अखेरीस कोणी जमाखर्च मांडला असता, तर आपण ऐकलेलें वाक्य त्यानें लिहिलें असतें काय? बहुधा नाहीं. पुढें १ फेब्रुवारी १६८९ रोजीं संगमेश्वरीं मुकर्रबखानानें महाराजांस अचानक गांठलें. त्या एका दिवसानें मागच्या आठ वर्षांचा अर्थ बदलून टाकला. वस्तुतः त्या आठ वर्षांत घडलेली एकहि गोष्ट त्या दिवशीं बदललेली नव्हती.

मनुष्याच्या मनाची ही खोड आतां प्रयोगांनीं सिद्ध झालेली आहे. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानें १९७५ त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगासाठीं आपल्या शेजारचाच एक प्रसंग निवडला होता: एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचें इंग्रज व गुरखे यांचें युद्ध. त्या युद्धाची एकच हकीकत त्यानें निरनिराळ्या गटांस वाचावयास दिली. एका गटास शेवट सांगितला नाहीं. इतरांपैकीं एकास सांगितलें कीं इंग्रज जिंकले, दुसऱ्यास कीं गुरखे जिंकले, आणखी दोघांस कीं कोणीच जिंकलें नाहीं. एकांत तह झाला, एकांत झाला नाहीं. मग सर्वांस विचारलें कीं, शेवट ठाऊक नसता तर तुम्हीं कोणत्या शेवटाचा संभव किती मानला असता? ज्या गटाला जो शेवट सांगितला होता, तोच त्याला अधिक संभवनीय वाटला. हकीकतींतील ज्या बाबी त्या शेवटाशीं जुळत, त्याच महत्त्वाच्या वाटूं लागल्या. ‘हें होणारच होतें’ असें आपण म्हणतों, तेव्हां पुष्कळदां तें झाल्यानंतरच म्हणत असतों. आणि गंमत अशी कीं, आपल्याला तें पूर्वींपासूनच ठाऊक होतें असें प्रामाणिकपणें वाटत असतें. खेळाचा नाद सोडण्याचा उपदेश मीं कधींच केलेला नसतांना केल्याचें मला कसें आठवलें, याचा उलगडा मला येथें झाला.

दुसरा प्रयोग जोनाथन बॅरन व जॉन हर्शी यांचा, १९८८ सालचा. एखाद्या रुग्णावर शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं याचा निर्णय वैद्यानें घेतला. रोग तोच, धोका तोच, वैद्याला असलेली माहितीहि तीच. कांहींना सांगितलें कीं रुग्ण बरा झाला. कांहींना सांगितलें कीं तो दगावला. रुग्ण दगावल्याचें कळलें तेव्हां त्याच निर्णयाला लोकांनीं कमी प्रतीचा ठरविलें. विशेष असें कीं, फळावरून निर्णयाची किंमत करूं नये, हें त्यांना तत्त्वतः पटत होतें. आपणा सर्वांना गीतेंतील फलनिरपेक्ष कर्माची शिकवण लहानपणापासून तोंडपाठ असते. पण निकालाच्या दिवशीं ती किती जणांना आठवते?

तिसरी गोष्ट याहून जुनी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यानें १९२० त लष्करी अधिकाऱ्यांनीं आपल्या हाताखालच्या माणसांविषयीं दिलेले अभिप्राय तपासले. शरीर, बुद्धि, नेतृत्व आणि शील या चार निरनिराळ्या गोष्टींवर निरनिराळे अभिप्राय मागितले होते. परंतु जो माणूस एका बाबतींत चांगला ठरला तो सर्वच बाबतींत चांगला, आणि जो एकींत कमी तो सर्वांतच कमी, असें दिसून आलें. एका गुणाचा उजेड किंवा एका दोषाची सावली साऱ्या माणसावर पडते. संभाजीमहाराजांच्या नांवावर ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ आहे, हें कित्येक सुशिक्षितांस ठाऊक नसतें. एकदां ‘विलासी’ हा शिक्का बसल्यावर त्या हाताला लेखणीहि धरतां येत असेल, ही शंकाच मनांत येत नाहीं.

येथें आणखी एक पदर आहे, आणि तो लिहिण्यावाचण्याचा व्यवसाय परंपरेनें करीत आलेल्या घरांनीं विशेष ध्यानांत घ्यावा असा आहे. महाराजांविषयींचें प्रतिकूल चित्र ज्या लिखाणांतून पुढें आलें, त्यांत मल्हार रामराव चिटणीसांची बखर प्रमुख आहे. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं लिहिली गेली. हे मल्हार रामराव बाळाजी आवजी चिटणीसांचे वंशज. आणि बाळाजी आवजींना १६८१ त कटाच्या संशयावरून महाराजांनीं देहान्त शासन केलें होतें. एवढ्यावरून बखरींतील प्रत्येक ओळ खोटी ठरत नाहीं. परंतु साक्षीदाराचें घर कोणतें, त्याचा व्यवहार काय, हें न विचारतां आपल्या वाडवडिलांनीं ती साक्ष मुलांच्या हातीं दिली, ही गोष्ट खरी आहे. ज्या मंत्र्यांविरुद्ध महाराज कठोर झाले, त्यांत आपल्याच वर्गांतील मोठीं नांवें होतीं. तेव्हां निवाडा करतांना आपलाहि पारडा थोडा कलला असेल, हें मान्य करण्यांत कमीपणा नाहीं.

तो कल दुरुस्त करण्याचें काम वासुदेव सीताराम बेंद्रे यांनीं हातीं घेतलें. अनेक दशकें समकालीन कागदपत्रें धुंडाळून त्यांनीं १९६० त महाराजांचें विस्तृत चरित्र प्रसिद्ध केलें. १९७१ त डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ आला. या दोघांचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांनीं शेवटाकडून मागें न जातां, त्या त्या वर्षींच्या कागदांकडून पुढें जाण्याचा प्रयत्न केला.

पण मनुष्यस्वभाव पाहा! लंबक एका टोकाहून सुटला तो दुसऱ्या टोकाला जाऊं पाहतो. हल्लीं महाराजांचा एकहि निर्णय चुकला असें म्हणणें कित्येकांस सहन होत नाहीं. १६७८ त ते दिलेरखानाकडे गेले आणि सुमारें वर्षभरानें परत आले, हें टाळून पुढें जाण्याकडे कल असतो. हीहि थॉर्नडाइकच्या अधिकाऱ्यांचीच रीत झाली. फक्त सावलीच्या जागीं उजेड आला. थोर पुरुषाची चूक सांगतां येत नाहीं अशा घरांत मुलाची चूकहि नीट सांगतां येत नाहीं. तेथें एक तर कौतुक असतें किंवा धिक्कार असतो, समजून घेणें नसतें.

मग निकालाला कांहींच अर्थ नाहीं काय? असा प्रश्न आमचे बंधूच मला विचारतील, आणि तो रास्त आहे. निकाल हा एक साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष अवश्य घ्यावी. नापास झालेल्या मुलाच्या उत्तरपत्रिका तपासून पाहिल्या पाहिजेत. बुडालेल्या दुकानाचे हिशेब पाहिले पाहिजेत. संगमेश्वरासारख्या ठिकाणीं राजानें अपुऱ्या बंदोबस्तानिशीं राहावयास नको होतें, असेंहि म्हणतां येईल. मात्र तें म्हणतांना त्या दिवशीं राजाला काय कळलें होतें, काय कळण्यासारखें होतें आणि हाताशीं किती माणसें होतीं, हें विचारलें पाहिजे. साक्षीदारालाच न्यायाधीशाच्या आसनावर बसवावयाचें नाहीं, एवढेंच माझें म्हणणें आहे.

शिवाय निकालाची तारीख कोणती धरावयाची? मार्च १६८९ धरली तर औरंगजेब जिंकला. त्याच वर्षीं रायगड पडला, येसूबाई व बाळ शाहू मोगलांच्या हातीं सांपडलीं. परंतु राजाराममहाराज जिंजीस गेले, युद्ध थांबलें नाहीं, आणि बादशहा दक्षिणेंतून परत फिरूं शकला नाहीं. १७०७ त तो अहमदनगरास मरण पावला, तेव्हां मराठ्यांचें बळ शिल्लक होतें आणि मोगलांचें ओसरूं लागलें होतें. अठरा वर्षांपूर्वीं बंद केलेली खातेवही पुन्हा उघडून पाहिली तर बाकी निराळीच निघते. इतिहासाची खातेवही बंद करण्याची घाई विद्वानांनासुद्धां आवरत नाहीं. मग तेविसाव्या वर्षीं मुलाची खातेवही बंद करणाऱ्या काकाला ती कोठून आवरणार?

ही घाई कां होते, याचें कारण केवळ बुद्धीचें नाहीं. दुसऱ्याच्या अपयशाचें मूळ त्याच्या स्वभावांत सांपडलें म्हणजे आपल्याला एक प्रकारचें अभय मिळतें. आपला स्वभाव तसा नाहीं, तेव्हां आपल्यावर तसा प्रसंग येणार नाहीं असें वाटतें. जग न्यायानेंच चाललें आहे, ज्याचें त्याला मिळतें, अशी समजूत मनुष्य किती धडपडीनें जपतो आणि तिच्यापायीं निरपराध्यालाहि कसा दोष देतो, हें मेल्विन लर्नर यानें १९६० नंतरच्या दशकांत दाखविलें. माझ्या मुलाचें यश त्याच्या गुणांचें ठरलें म्हणजे त्यांतला थोडा वांटा माझ्या शिकवणीकडे येत होता. पुतण्याच्या अपयशाचा वांटा मात्र मला नको होता. एकाच खोलींतल्या दोन मुलांपैकीं एकाचा उजेड मीं स्वतःकडे घेतला आणि दुसऱ्याचा अंधार त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकला, असेंच तें झालें.

वढूस बसल्या बसल्या मनांत आणखी एक विचार येत होता. महाराजांच्या देहाची विटंबना झाल्यानंतर गांवच्या लोकांनीं पुढें होऊन अंत्यसंस्कार केले, अशी परंपरा आहे. त्या कामीं गोविंद गोपाळ यांचें नांव सांगितलें जातें, शिवले घराण्याचेंहि सांगितलें जातें. या नांवांवरून अलीकडे वादहि झाले. त्या वादाचा निकाल लावण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत येते. आज तें कृत्य भूषणाचें आहे. त्या अमावास्येच्या सुमारास तें जिवावरचें होतें. विजयी बादशहाची छावणी जवळ, राजा मारला गेलेला, राज्याचें पुढें काय होणार हें कोणालाच ठाऊक नाहीं. त्या घटकेला मृताचा पक्ष धरून कोणालाहि कांहीं मिळण्यासारखें नव्हतें. उगवत्या सूर्याला नमस्कार करण्याची जगाची रीत आहे. ज्या कोणीं त्या दिवशीं मावळलेल्या सूर्याला नमस्कार केला, त्यांनीं निकाल पाहून माणसाची पारख केली नव्हती, एवढें निश्चित.

घरांत याचा उपयोग कसा करावा, याविषयीं दोन गोष्टी सुचवितों. पहिली अशी कीं, घरांतील मोठा निर्णय घेतांना, मग तो मुलाच्या शिक्षणाचा असो, सोयरिकीचा असो वा घर घेण्याचा असो, त्या दिवशीं आपल्याला काय ठाऊक आहे, कशाची भीति आहे आणि काय अपेक्षा आहे, हें चार ओळींत वहींत लिहून ठेवावें आणि खालीं तारीख घालावी. वर्षा-दोन वर्षांनीं ‘मी तरी म्हणत होतों’ असें कोणी म्हणूं लागला कीं ती वही काढावी. आम्ही ही वही सुरू केली आहे. तिच्यामुळें माझें बोलणें पुष्कळ कमी झालें आहे, असें घरच्या मंडळींचें मत पडतें. दुसरी अशी कीं, जो प्रश्न नापास झालेल्यास विचारावयाचा, तोच उत्तीर्ण झालेल्यासहि विचारावा: अभ्यास कसा केलास, कोठें चुकलास, दैवानें कोठें हात दिला? हा प्रश्न मीं माझ्या मुलास विचारला, तेव्हां तो म्हणाला, “बाबा, एका विषयांत मीं ऐन वेळीं दोनच प्रकरणें वाचलीं, आणि नेमके त्यांवरच प्रश्न आले.” हें त्यानें पेढे वाटण्याच्या दिवशींहि सांगितलें असतें, पण त्या दिवशीं मीं विचारलें नव्हतें.

वढूहून परत आल्यावर, रात्रीं पानें वाढलीं असतां, सर्वांच्या देखत मीं पुतण्यास म्हटलें, “खेळाबद्दल मीं तुला पूर्वीं कांहीं सांगितलें नव्हतें. तें मीं मागाहून रचलें. माझें चुकलें.” बंधूंनीं मान खालीं घातली. वहिनींनीं कांहीं न बोलतां माझ्या पानांत वरण वाढलें, आणि दोन आठवड्यांनंतर प्रथमच “आणखी तूप घ्याल ना, भावोजी?” असें विचारलें.

पुतण्या पुन्हा परीक्षेस बसणार आहे. तो उत्तीर्ण होईल कीं नाहीं, हें मी येथें लिहीत नाहीं. झाला तर ‘मला ठाऊकच होतें’ असें म्हणावयाचें नाहीं, एवढें मात्र मीं त्या वहींत माझ्या हातानें लिहून ठेवलें आहे, आणि खालीं तारीख घातली आहे.